रडते ती कच्ची, हसतो तो खंबीर?

प्रश्न : ताई, तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत मी सातवीची वर्गशिक्षिका आहे. वर्गाचा पट ५४. पहिल्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात एका मुलीच्या वर्णनात्मक नोंदीत मी लिहिलं होतं, 'लहानसहान अपयशाने खचून जाते. मन खंबीर करणे आवश्यक.' ते खोटं नव्हतं. घटक चाचणीचे पेपर वाटले की हिच्या डोळ्यांत पाणी आलंच म्हणून समजा. वीसपैकी चौदा मिळाले तरी रडते, फळ्याशी अडखळली तरी रडते. प्रगतिपुस्तक घेऊन तिची आई शाळेत आली. म्हणाली, 'बाई, ही घरी आली की जेवायच्या आधी चुकलेली गणितं काढून बसते. तुम्हाला कच्ची कशी वाटली?' मला काही बोलता आलं नाही. त्याच वर्गात एक मुलगा आहे. वीसपैकी पाच मिळाले तरी हसतो, चारचौघांना हसवतो. त्याच्या नोंदीत मी लिहिलं, 'अपयशाने डगमगत नाही.' दिवाळीच्या सुट्टीनंतर लक्षात आलं, गणिताचा तास आला की ह्याचं पोट दुखतं. मुख्याध्यापक म्हणतात, 'असल्या भानगडीत पडू नका, सगळ्यांना चांगलं चांगलं लिहा आणि मोकळ्या व्हा.' मुलं अपयश कसं पचवतात हे शिक्षकाने ओळखायचं तरी कसं? की ओळखायच्या फंदातच पडू नये?
— एक वर्गशिक्षिका

उत्तर : बाई, पडावं. फक्त पेपर वाटायच्या दिवशी निकाल देऊ नये.

तुमची नोंद खोटी नव्हती हे मला मान्य आहे, पण ती अर्धीच होती. तुम्ही पाहिलीत ती पहिली पाच मिनिटं. त्यानंतरचे तास तिच्या आईने पाहिले. मुलगा पेपर हातात पडल्यावर हसला तेही तुम्ही पाहिलंत आणि तिथेच थांबलात. मार्क कमी पडल्यावर मूल कसं दिसतं आणि त्या मार्कांचं पुढे काय करतं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत स्वभाव दिसतो, घरातलं वळण दिसतं, कधी नुसती झोप न झाल्याचं दिसतं. तुम्हाला हवी आहे ती दुसरी गोष्ट : चुकलेल्या कामाकडे मूल परत येतं का, केव्हा येतं, कोणाच्या मदतीने येतं.

ह्या विषयावर ऑस्ट्रेलियात बरंच काम झालं आहे. अँड्र्यू मार्टिन आणि हर्बर्ट मार्श ह्या दोघा संशोधकांनी २००८ मध्ये एक मुद्दा मांडला तो तुमच्या कामाचा आहे. संकटातून तरून जाण्याबद्दल जे संशोधन होत होतं ते मुख्यतः मोठ्या आपत्तींबद्दल होतं : दारिद्र्य, घरातली हिंसा, शाळा कायमची सुटण्याची वेळ. पण शाळेतल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला रोज भेटतात त्या वेगळ्याच गोष्टी. एखाद्या चाचणीत कमी मार्क, वहीत लाल शेरा, एकाच आठवड्यात तीन प्रकल्प, परीक्षेची धाकधूक. ह्या रोजच्या धक्क्यांतून सावरण्याची ताकद त्यांनी वेगळी काढली आणि ती मोजायला फक्त चार विधानं ठेवली. आणि ती विधानं शिक्षकांपुढे नाही, मुलांपुढे ठेवली. अभ्यासाचा ताण मी डोक्यावर बसू देत नाही, एखाद्या वाईट मार्काने माझा स्वतःवरचा विश्वास हलत नाही, अशा अर्थाची. हो की नाही, आणि किती, ते मुलानेच सांगायचं.

ही विभागणी नुसती पुस्तकातली समजू नका. तुमच्या वर्गात एखादं मूल असंही असेल की जे दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतं. त्याला चाचणीत पाच मार्क पडले तर तो काही त्याच्या खंबीरपणाचा प्रश्न नसतो. मधले तीन-चार धडे त्याच्या डोळ्यांखालून गेलेलेच नसतात. ते मूल पुन्हा वर्गात येऊन बसलं, ह्याच्यापुढे कसली परीक्षा घ्यायची? त्याला धडे भरून द्यायचे. घरात दारू आहे, आई आजारी आहे, शेतात सलग दोन वर्षं काही पिकलं नाही, अशा मुलांच्या बाबतीतही तेच. त्यांच्या प्रगतिपुस्तकात 'अडचणींवर मात करतो' असं लिहून आपण त्यांचं कौतुक करतो असं आपल्याला वाटतं, पण त्यात त्यांच्या वाट्याची मदत द्यायची राहून जाते.

आता, शिक्षक चुकतात कुठे? पहिली गोष्ट म्हणजे मार्कांच्या बाबतीत शिक्षकांचा अंदाज फारसा चुकत नाही. २०१२ मध्ये जर्मन संशोधकांनी ७५ अभ्यास एकत्र करून पाहिले. शिक्षकाचा अंदाज आणि मुलाची चाचणीतली खरी कामगिरी ह्यांच्यातला सहसंबंध सरासरी ०.६३ निघाला. १ म्हणजे तंतोतंत, ० म्हणजे काहीच संबंध नाही. म्हणजे बरा अंदाज. पण मुलाच्या मनात काय चाललंय, त्याला परीक्षेची किती भीती वाटते, ह्याचा अंदाज बांधायची वेळ आली की हे जुळणं पुष्कळच खाली येतं. त्यात आश्चर्य नाही. उत्तरपत्रिका आपल्या हातात असते, भीती नसते. दंगा करणारं मूल तासाला दहा वेळा डोळ्यांत भरतं. जे गप्प बसून आतल्या आत घाबरतं ते हजेरीपुरतं दिसतं.

दुसरं, एका गुणाचा रंग दुसऱ्यावर चढतो. एडवर्ड थॉर्नडाइक ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्येच हे लिहून ठेवलंय. लष्करी अधिकाऱ्यांना आपल्या हाताखालच्या लोकांची शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य असे वेगवेगळे गुण जोखायला सांगितले, तर ज्याची शरीरयष्टी चांगली त्याला बुद्धीही चांगली आणि चारित्र्यही चांगलं मिळालं. आपल्याकडे ह्याचा शाळकरी अवतार रोज पाहायला मिळतो. अक्षर वळणदार, गणवेश इस्त्रीचा, 'गुड मॉर्निंग मॅडम' खणखणीत, की मूल हुशारही, आज्ञाधारकही आणि 'आत्मविश्वासू'ही. त्यातून मुलगी रडली तर हळवी, मुलाने बाक आपटला तर रागीट, आणि मुलगा हसला तर खंबीर. तिघांनाही सारखंच वाईट वाटलेलं असू शकतं.

आणि तिसरं कारण सांगते, रागावू नका. सत्र संपत आलं की शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तयार वर्णनात्मक नोंदींची पीडीएफ फिरू लागते. 'संकटांना धैर्याने सामोरा जातो', 'अपयशाने खचत नाही', 'मित्रांना मदत करते'. ५४ मुलं, प्रत्येकाच्या विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक अशा तीन-तीन रकान्यांत काहीतरी भरायचं, त्यात निवडणुकीचं काम, शालेय पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती. त्या पीडीएफमधून ओळ उचलणाऱ्याला मी दोष देत नाही. पण ती ओळ मुलाबद्दल काही सांगत नाही एवढं आपल्यात तरी मान्य करू या. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा मूल वर्षभर बघून त्याच्याबद्दल लिहायचं, असा त्यामागचा विचार होता.

मग बघायचं काय? मी तुम्हाला वही बघायला सांगेन, चेहरा नको.

चाचणीचे पेपर परत दिल्यावर आठ-दहा दिवसांनी गणिताच्या वह्या तपासायला घ्या. काही मुलांनी चुकलेलं उदाहरण खाली पुन्हा सोडवलेलं असतं, कधी बरोबर, कधी परत तीच चूक करून. परत तीच चूक केली असली तरी ते मूल परत आलेलं आहे, हे विसरू नका. काहींनी चुकीच्या उदाहरणावर रबर इतकं घासलेलं असतं की कागदाला भोक. काही वह्या नेहमीपेक्षा बारीक झालेल्या असतात. मधल्या पिनांपाशी बघा : मुलाने लाल शेऱ्याचं पान फाडलं, की त्याच कागदाचं दुसरं टोक वहीच्या पलीकडच्या अर्ध्यात सुटं होऊन लोंबतं. ते सुटं पान मुलाला लपवता येत नाही. हसणाऱ्या मुलाची वही अशी निघाली, तर तुमची आधीची नोंद तुम्हीच खोडाल.

मदत मागणं हाही एक पुरावा आहे, पण तो जपून वाचा. तुमच्या टेबलाशी येऊन 'बाई, हे समजलं नाही' म्हणणारी मुलं बहुधा तीच असतात ज्यांना मोठ्या माणसांशी बोलायची घरातून सवय आहे. बाकीची शेजारच्याला विचारतात, मधल्या सुट्टीत विचारतात, मोठ्या बहिणीला विचारतात. तेही परत येणंच आहे. शिवाय ज्याला संध्याकाळी शिकवणी आहे त्याची चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होऊन येते आणि ज्याला नाही त्याची आठवडाभर तशीच पडून राहते. पहिल्याला आपण चिकाटी म्हणतो, दुसऱ्याला आळस. खरं म्हणजे पहिल्याच्या घरी महिन्याची फी जाते.

आणखी एक गट तुमच्या नजरेतून सुटेल, तो वर्गातल्या पहिल्या चार-पाच नंबरांचा. त्यांना धक्का असा बसलेलाच नसतो. अठरा, एकोणीस, वीस. अशा मुलाबद्दल 'अपयश पचवतो' असं लिहायला तुमच्याकडे पुरावाच नाही. एखाद्या शिष्यवृत्ती परीक्षेत यादीत नाव नाही आलं, की पहिल्यांदा कळतं. तोवर तो रकाना त्यांच्यापुरता कोरा ठेवलेला बरा.

आता थोडं तुमच्याबद्दल. पेपर कसे वाटता? बहुतेक वर्गांत हजेरी क्रमांकाने नाव पुकारतात, मार्क मोठ्याने वाचतात, मूल जागेवरून उठून टेबलापर्यंत येतं आणि पेपर घेऊन त्रेपन्न जणांच्या नजरा झेलत परत जातं. वाटेत मार्कांवर अंगठा दाबून धरलेला असतो. काही शाळांत तर जास्तीपासून कमीकडे अशा क्रमाने वाटतात, म्हणजे शेवटच्या पाचांना आपण शेवटचे पाच आहोत हे पेपर मिळायच्या आधीच कळतं. अशा दिवशी रडलेल्या मुलीबद्दल आणि विनोद केलेल्या मुलाबद्दल जे दिसतं ते त्यांच्या अंगचं किती आणि आपल्या वाटण्याच्या पद्धतीचं किती, हे वेगळं करता येत नाही. एकदा पेपर वहीत घालून, मार्क न वाचता वाटून बघा. आतल्या पानावर मार्क, आणि एका उदाहरणाशी 'हे पुन्हा कर, गुरुवारी दाखव' एवढं. वीसपैकी चौदावाली तरीही रडली तर रडू द्या. 'एवढ्याशा गोष्टीला काय रडतेस' हे मात्र नको, त्याने तिला चुकीबरोबर रडण्याचीही लाज वाटायला लागते. गुरुवारी ती काय दाखवते ते लिहा.

दुसऱ्या शिक्षकांनाही विचारा. गणिताच्या तासाला पोट धरणारा मुलगा मैदानावर पकडीत बाद झाल्यावर काय करतो, हे खेळाच्या सरांना माहीत असतं. चित्रकलेला रंग सांडला तर कागद चुरगाळतो की त्या डागाचंच काहीतरी करून टाकतो, हे चित्रकलेच्या बाईंना. तो तिथे चार वेळा परत प्रयत्न करत असेल, तर तो मुलगा नाजूकही नाही आणि बेफिकीरही नाही. अडचण एका विषयाशी आहे, आणि ती बहुतेक दोन-तीन इयत्ता मागे कुठेतरी सापडेल. पूर्णांकांच्या भागाकारात चिन्ह चुकतं असं वरून दिसतं आणि खणून बघितलं तर साधा भागाकारच आलेला नसतो.

शेवटी मुलांना विचारायचं राहतं, आणि ते सगळ्यांत सोपं असून सगळ्यांत कमी केलं जातं. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सुचवलेल्या समग्र प्रगतिपत्रकात मुलाने स्वतःबद्दल आणि वर्गमित्रांनी एकमेकांबद्दल सांगायची जागा आहे. ती जागा घरी भरून आणायला देऊ नका, आई भरून पाठवते. वर्गात अर्ध्या कागदावर दोन प्रश्न द्या : मागच्या चाचणीत चुकलेलं एक उदाहरण कोणतं, आणि त्यानंतर तू त्याचं काय केलंस? काहीच केलं नसेल तर तसं लिही. 'तू अपयशाला घाबरतोस का' असं विचारलंत तर ५४ पैकी ५० जण 'नाही' लिहितील, कारण बाईंना काय आवडतं हे सातवीच्या मुलांना पाठ असतं. मुलांच्या अशा उत्तरांवरून वर्गांची, शाळांची तुलना करू नये, शिक्षकांची कामगिरी ठरवू नये, असा इशारा अँजेला डकवर्थ आणि डेव्हिड येगर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दिला होता. चिकाटी हा विषय जगभर गाजवणाऱ्या डकवर्थबाईंनीच हे लिहिलं, म्हणून सांगितलं. त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक अगदी व्यवहारातलं आहे : प्रत्येक जण आपल्या आजूबाजूच्यांकडे बघून स्वतःला जोखतो. अभ्यासू वर्गातलं मेहनती मूल स्वतःला आळशी समजतं.

नोंद लिहिताना विशेषणं टाळा, काय केलं ते लिहा. तुमच्या त्या मुलीसाठी दुसऱ्या सत्रात असं काहीसं : 'गणितात चूक झाली की सुरुवातीला अस्वस्थ होते. चुकलेली उदाहरणे स्वतःहून पुन्हा सोडवते. पूर्णांकांच्या भागाकारातील चिन्हांच्या चुका आता कमी झाल्या आहेत.' ह्यातलं शेवटचं वाक्य वही बघून खरं असेल तरच. 'मन खंबीर करणे आवश्यक' ह्या ओळीचं घरच्यांनी करायचं काय? बदाम भिजवायचे? तिच्या आईला बोलावून 'मी वर्गातलं पाहिलं, घरचं तुम्ही सांगितलंत, पुढच्या वेळी दोन्ही लिहीन' एवढं म्हटलंत तरी पुरे. तिने घरी सोडवलेली वही एकदा शाळेत आणायला सांगा. तुम्हालाही बघायला मिळेल.

मुलाचं प्रकरण मात्र नोंदीवर सोडू नका. पोट दुखणं खोटं नसतं, भीतीनेही पोट खरंच दुखतं. आधी घरच्यांना सांगून डॉक्टरांना दाखवायला सांगा, म्हणजे दुसरं काही नाही ना हे कळेल. मग वर्गाबाहेर, इतर मुलांसमोर नाही, त्याच्याशी बोला. 'तू घाबरतोस का' हे नकोच. 'गणितात नक्की कुठपर्यंत येतं ते आपण दोघं शोधू' म्हणा आणि चौथी-पाचवीच्या पुस्तकातली दहा उदाहरणं द्या. मार्क देऊ नका. जिथे अडेल तिथून सुरू करा. त्याला विनोद करायला आवडतं तर करू दे, तेवढंच त्याच्याकडे चिलखत आहे. पण पोटदुखी गणितापुरती न राहता शाळेत येणंच टळायला लागलं, खाणं-झोप बिघडली, किंवा 'मी कशाला जगू' असलं काही त्याच्या तोंडून निघालं, तर ते रोजच्या धक्क्यांच्या पलीकडचं आहे. तेव्हा घरच्यांना त्याच दिवशी बोलवा, आणि टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्यांच्या हातात द्या. घरातच त्याला मारहाण किंवा छळ होत असल्याचं कळलं, तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे.

राहिले मुख्याध्यापक. सगळ्यांना गोड लिहा म्हणतात त्यात त्यांचाही अनुभव असणार, पालक भांडायला आले की झेलतात तेच. पण गोड नोंदीनेच तर हा मुलगा सहा महिने कोणाच्या लक्षात आला नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मूल्यमापनाच्या आधीच्याच ओळीत मूल भय, आघात आणि चिंता ह्यांपासून मुक्त असावं असं लिहिलेलं आहे, ते फार ताणलं तरच काढा. त्यापेक्षा काम दाखवा. दुसऱ्या सत्रात दहा मुलं निवडा : दोन रडणारी, दोन हसणारी, बाकीची ज्यांचा चेहरा तुम्हाला घरी गेल्यावर आठवत नाही अशी. त्यांच्या वह्या, त्यांचे ते अर्धे कागद आणि त्यांच्याबद्दलच्या तुमच्या दोन-दोन ओळी एकत्र करून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा. उरलेल्या चव्वेचाळीस जणांसाठी ह्या वर्षी विषयांपुरतंच लिहिलंत तरी चालेल.